डॉक्टरांचा गोल आणि आमचे घरमालक

बराकपूर

तीर्थरूप शोभावन्संना मंजुषाचा नमस्कार. गुडघ्याला तेल लावता ना? भावोजींचा खोकला कसा आहे? आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे प्रकृतीनं. बाकीचं सांगायलाच बसले आहे. (फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन येतो तेव्हा हे घरातच असतात.)

आमच्या पाड्यातल्या (इथं बंगालमध्ये मोहल्ल्याला पाडा म्हणतात) दोन क्लबांची फुटबॉल फायनल होती. मागच्या वर्षी ऑफसाइडवरून खुर्च्या फेकल्या गेल्या, म्हणून यंदा टीव्हीवर असतो तसा व्हिडिओ पंच नेमायचं ठरलं. तो निःपक्षपाती हवा. इथं जन्मतः कुठल्या ना कुठल्या क्लबाचा नसलेला माणूस एकच, तुमचा भाऊ. मी म्हटलं, तुम्हाला क्रिकेटपलीकडे काय कळतं? तर म्हणाले, बँकेत वीस वर्षं लोकांच्या सह्या जुळवतोय, पाय जुळवायला काय लागतं? मग एक फोन आमच्या गॅलरीत बांधला, दुसरा समोर क्लबाच्या गच्चीवर, आणि हे मंडपात लॅपटॉप आणि प्लॅस्टिकची पट्टी घेऊन बसले.

सामना संपत आला तेव्हा बापी डॉक्टरांनी गोल मारला. डॉक्टर म्हणजे आमचे होमिओपॅथ. वय पंचेचाळीस, गुडघ्याला पट्टा, आणि हा शेवटचा सामना असं बायकोला वचन दिलेलं. मैदानावरच्या पंचांनी गोल दिला. समोरच्या क्लबानं हरकत घेतली, की पास मिळाला तेव्हा डॉक्टर बचावाच्या शेवटच्या गड्याच्या पुढे होते, म्हणजे ऑफसाइड. (तो क्लब आमच्या घरमालकांचा, हीरकबाबूंचा. भाडेकरार पुढच्याच महिन्यात संपतोय.) ह्यांनी पट्टी लावून पाहिलं. गॅलरीतल्या फोनवर डॉक्टर मागे, गच्चीवरच्या फोनवर पुढे. लोक ओरडायचे थांबले, तरी हे बघतच होते. डॉक्टर हात जोडून उभे होते, ह्यांच्याकडे न बघता. शेवटी हे बाहेर आले आणि म्हणाले, "इतकं बघूनही मला कळत नसेल, तर ज्यांनी जवळून पाहिलं त्यांचाच निर्णय राहू दे. आमच्या क्रिकेटमध्ये असंच करतात." गोल कायम झाला. डॉक्टर मैदानातच बसून हसता हसता रडले, आणि खरं सांगते, मीही.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा पंप उशिरा सुरू व्हायला लागला. (पंपाचं बटण हीरकबाबूंकडे.) हे बादलीनं अंघोळ करत होते, पण निर्णय बदलणार नाही म्हणत होते. रविवारी हीरकबाबू स्वतः वर आले. मला वाटलं, घर सोडा म्हणतील. त्यांनी क्लिप मागितली, चष्मा पुसून दोनदा पाहिली. म्हणाले, "विनायकबाबू, डाक्तार अर्धा हात पुढे होता." मग चहा घेतला. जाताना दारात थांबून म्हणाले, "पण त्याला असं हसताना मी त्याच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं." संध्याकाळी पंप वेळेवर सुरू झाला.

भावोजींना नमस्कार, तन्मयला आशीर्वाद.

आपली,
मंजुषा

ता. क. : तो 'अर्धा हात' ह्यांच्या मनातून जात नाही. जेवताना मध्येच हात थांबतो. माझं ऐकत नाहीत, ताईचं ऐकतील. तुम्ही फोन करून एवढंच सांगा, की विनू, तुझा निर्णय बरोबर होता.

आणखी ता. क. : क्लिप व्हॉट्सअॅपवर पाठवली आहे. फोन आधी करा, क्लिप मग बघा.