पेट्रोलचा एक थेंब

गुरुवार, संध्याकाळ

तो थेंब! रविवारी शर्यत हाय, आणि तीन दिवस मी गाडीच्या पेट्रोल पाइपचा खालचा जॉइंट आवळतोय. थेंब हाय तिथंच.

आज बायको गॅरेजवर जेवण घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, रांगोळी भुरभुरा की पाइपवर. ओल कुठनं येतीया कळंल."

हसलो. तरी भुरभुरली. भिजली ती वरच्या जॉइंटला! थेंब तिथनं ओघळत खाली यायचा. वीस वर्षं इंजिनं खोलतोय, मला का सुचू नये?

वरचा जॉइंट सोडवला, तर आत मीच गुंडाळलेली पांढरी टेप. घरच्या गळक्या नळासाठी आणलेली! त्या टेपनंच जॉइंट नीट बसत नव्हता. काढली, गळती बंद. मी तर नाचलोच.

बायको एवढंच म्हणाली, "आता नळाला लावा ती."