चौकटीपलीकडची हाक

३ मार्च, मंगळवार

करवत कोणती घ्यावी, असे लेकीने विचारले. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी कोणीतरी मला काही विचारले! ती घरोघरी लाकडी जमिनी बसवते. नवे काम नऊ दारांचे आहे. फळी चौकटीच्या बुडाखाली सरकली पाहिजे. म्हणून प्रत्येक चौकट तळाशी फळीच्या जाडीइतकी कापायची. चौकट तशीच ठेवून फळीलाच खाचा पाडणारे आणि फटीत पुट्टी भरून मोकळे होणारे महाभाग मी पाहिले आहेत. शाळेतल्या माझ्या सुतारकामाच्या वर्गात ते शिकलेले नव्हते.

मदतनिसाचे विचारले, तर म्हणाली, "काढला त्याला. कानात गाणी घालून काम करायचा. मी 'थांबा' म्हटल्यावर ज्याला ऐकू येत नाही, तो माझ्या बाजूला नको, बाबा."

मी येतो, म्हणालो.

"तुम्ही? कंबर काय म्हणतेय?"

"तिला कोणी विचारलेले नाही."

हसली. शुक्रवारपासून जायचे आहे.

४ मार्च, बुधवार

किटलीची शिट्टी मला ऐकू येत नाही. आज पुन्हा शेजारीण धावत आली — "आजोबा, अहो, किटली!" बारीक, उंच आवाज वर्षभरापासून गेले आहेत, माणसे पाठमोरी बोलली, की शब्दही जातात. समोर असतील, तर ओठांवरून निभावते. कान तपासून घेतलेले नाहीत. लेकीला सांगितलेले नाही. सांगितले, तर शुक्रवार गेला!

५ मार्च, गुरुवार

करवतींचा निर्णय दिला. दोन घ्याव्यात. आडव्या गोल पात्याची करवत चौकटीचा लांब भाग झरझर कापते. पण तिचे पाते कोपऱ्यात शिरत नाही आणि खिळा लागला, की ती उसळी मारते. दुसरीचे पाते फिरत नाही, नुसते थरथरते. काम गोगलगाईचे, तापतेही लवकर. पण उसळी नाही आणि कोपरा साफ निघतो. तेव्हा मधला भाग पहिलीने, कोपरे दुसरीने. एकाच करवतीने सारे उरकणारा शेवटी पटाशी घेऊन बसतो.

सोबतच्या माहितीपत्रकात लिहिले आहे : 'पाते फिरत असताना बोटे जवळ न ठेवावा.' ठेवावा! लाल शाईने दुरुस्त केले — 'बोटे जवळ ठेवू नयेत.' बोटे वाचवायची, तर वाक्य आधी वाचवावे.

६ मार्च, शुक्रवार

तीन दारे झाली. पद्धत अशी : फळीचा उरलेला तुकडा आणि त्याखाली जमिनीवर अंथरायचा फोम, असे चौकटीला टेकवून उंचीची रेघ मारायची. लोहचुंबक फिरवून खिळे शोधायचे. मागे विजेची तार नाही, याची खात्री करायची. गॉगल, तोंडावर मास्क, दोन्ही हात करवतीवर. पाते पूर्ण थांबल्याशिवाय ती खाली ठेवायची नाही. मी थांबलेले पाते डोळ्यांनी पाहतो. पाते बदलताना प्लग काढलेला असावा, हे तिला सांगावे लागले नाही. तिने माझ्याआधी काढला.

घरमालकीण म्हणाली, "आजोबांना खुर्ची देऊ का?"

"नको हो, तिचेही पाय कापून ठेवतील!"

माझी लेक! हजरजबाबीपणा आईचा, काटेकोरपणा माझा.

कानांवर लावायच्या त्या वाट्यांना ती 'इअरमफ' म्हणते. मी 'कर्णरक्षक' म्हणतो. चष्म्याच्या काड्या त्यांच्याखाली रुततात, म्हणून ते बहुतेक वेळ माझ्या गळ्यात असतात. हे चूक आहे.

९ मार्च, सोमवार

घडले ते घडल्याप्रमाणे लिहितो.

सहावे दार. मी घरातल्या बोळात, ती चौकटीपलीकडे खोलीत. करवत रेघेवर टेकवून मी बटण दाबले. चौकटीची लाकडी पट्टी पातळ होती. पाते क्षणात पलीकडे गेले. मग फटीतून तिचा हात झटक्यात मागे जाताना दिसला. मी बटण सोडले.

पट्टीमागे तिला एक तार दिसली होती. ती ओढायला तिने हात घातला आणि त्याआधी हाक मारली होती. करवत तेव्हा बंद होती. घर शांत होते. मला ऐकू आले नाही.

ती दारातून येईपर्यंत मी गळ्यातले कर्णरक्षक उचलून कानांवर चढवले. विचार करून नव्हे. पण हात चुकून गेला, असेही नाही.

"अहो बाबा, दोनदा ओरडले!" मग माझ्या कानांकडे पाहून, "जाऊ दे. ते लावल्यावर कुठलं ऐकू येणार? माझंच चुकलं. हाक नाही, खूण ठरवायला हवी होती. आता कापताना पलीकडे कुणी थांबायचं नाही."

डाव्या तर्जनीभोवती तिने कागदी चिकटपट्टी गुंडाळली होती. "खरचटलंय नुसतं." फोम आणते, म्हणून बाहेर पडली, दोन तासांनी आली.

कर्णरक्षक मी कानांवरच ठेवले.

१० मार्च, मंगळवार

दोन दारे झाली. तिने चारदा माफी मागितली.

१२ मार्च, गुरुवार

काम संपले. बोळाच्या टोकाशी एक सांधा वर राहिला आहे — पोस्टकार्डाच्या जाडीइतका. पण मोज्यातल्या पायालाही लागला. तिच्या हातून असे कधी झाले नव्हते. मी घरमालकिणीसमोरच बोललो : "डोळ्यांना दिसले नाही, ते एक वेळ समजते. बोट फिरवून पाहायला काय झाले होते?"

तिने फळी उचकटली आणि पुन्हा बसवली. मग उकिडवी बसून सगळ्या बोळाचे सांधे उजव्या हाताने तपासत गेली, चाचपडत, नवख्यासारखी.

घरी आलो. आयुष्यभर इतरांची वाक्ये सुधारली. सोमवारची नोंद आज चारदा वाचली. तीत दुरुस्तीला जागा नाही. उद्या तिला सांगायचे. मग ती मला शेजारी उभे करणार नाही. ते तिच्या नियमाला धरूनच होईल.

१३ मार्च, शुक्रवार

सांगितले. कान गेल्याचे, कर्णरक्षक नंतर चढवल्याचेही. ती रागावली नाही. बोटावरची पट्टी सोडून हात माझ्यापुढे धरला. तीन टाके.

"तुम्ही यायचं सोडलं असतं, म्हणून बोलले नाही. टाके सुकतील, बाबा. पण टोकाला काही कळत नाही. सांधे मी याच बोटानं बघायचे."