टिल्डन पुलातला विनीचा डबा

मी, ऑरिन एल्मर व्हिटकम्ब, वय एक्याऐंशी, धंदा पुलांची सुतारकी, राहणार ईस्ट हॅलम, व्हरमाँट, हे शेवटचे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आधीची सर्व रद्द समजावीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डॉक्टरांच्या मते हृदय थकले आहे, डोके नाही. मी रागात आहे, पण शुद्धीवर आहे, आणि कायद्याला तेवढे पुरते.

कलम १. घर, मागची मेपलची झाडे, त्यांच्या रसाचा पाक आटवायची शेड आणि बँकेतील शिल्लक पुतणी जोसी हिला. माझ्या आजारपणात तिने सूप आणले, सल्ला आणला नाही.

कलम २. पटाश्या, गिरमिटे व लाकडी हातोडे मे महिन्यात टिल्डन पूल दुरुस्तीला उघडणाऱ्या सुताराला. अट एकच. काढलेली प्रत्येक फळी कचऱ्यात टाकण्याआधी तिच्यामागे हात घालून पाहावे. तिथे कुठेतरी माझ्या बायकोचा डबा आहे.

विनीला जिओकॅशिंगचा नाद होता. डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश संगणकावर टाकायचे, आणि लोकांनी तो शोधून आतल्या वहीत नाव लिहायचे. काउंटीतल्या पाच छपराच्या पुलांवर तिचे डबे झाले. उरला टिल्डन. तो मी १९८७ साली जवळजवळ नव्याने उभा केलेला. मी म्हणालो, "त्या पुलात मला न सापडणारी जागाच नाही. खुंटीचं एकही भोक चुकलेलं नाही तिथं."

"मग शोध की," ती म्हणाली.

"पोरखेळाला मला वेळ नाही."

तीन आठवडे ती त्या डब्यासाठी खपली. २०११च्या ऑक्टोबरात लपवला आणि मार्चमध्ये ती गेली. तोवर तो कोणालाही सापडला नव्हता.

कलम ३. डेल प्रूटी. यालाही तोच नाद. विनी गेली त्याच वर्षी जुलैत याने तासभर तिचा डबा शोधला. या खेळात सापडला नाही तर तसे लिहून गुमान घरी जायचे असते. पण डेलला सगळे डबे आपल्या नावावर हवे होते. त्याने औषधाच्या गोळ्यांची रिकामी बाटली, आत कागदाचा कपटा, अशी कठड्यामागे खोचली आणि संगणकावर लिहिले, "डबा हरवला होता, नवा ठेवला." तेव्हापासून लोक या तोतया डब्यात सह्या करून जातात. खऱ्याला कोणी शोधत नाही.

पुढच्या वर्षी, कधी नव्हे तो, मीही गेलो. दोन मिनिटांत बाटली हाती आली. मला वाटले, हीच विनीची. तीन आठवडे खपून हे? माझी थट्टा केली म्हणायची! त्या रागात दोन वर्षे मी तिच्या कबरीवर फूल ठेवले नाही. मग चर्चच्या जेवणात बटाट्याचे सॅलड वाढून घेताना डेल आपणहून म्हणाला, "बरं झालं ना, मी विनीचा डबा चालू ठेवला!" ते वाडगे मी त्याच्या डोक्यात घातले नाही.

नऊ वर्षे मी खरा डबा शोधतो आहे. आता गुडघे शिडी चढत नाहीत.

सबब डेलला काहीही देऊ नये. वकीलबाई सांगतात, साक्षीदार होणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून मी त्यालाच साक्षीदार केला आहे. एकदा तरी खऱ्या कागदावर सही करू दे.

ईस्ट हॅलम, ४ एप्रिल २०२४.
ऑरिन व्हिटकम्ब
साक्षीदार: हेस्टर लॅम, ग्रंथपाल. डेल प्रूटी.

पुरवणी.

सही करण्याआधी डेलने सगळे वाचले. "ऑरिन, मला ठाऊकच नव्हतं रे," म्हणाला.

"विचारलं असतंस तर कळलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून तो शिडी लावून पुलातली खुंटी न् खुंटी ठोकून पाहत होता. आज सकाळी त्याचा फोन आला. "शिडीची गरजच नव्हती. पश्चिमेच्या तिरप्या तुळईत, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक खुंटी पोकळ वाजतेय. पण तिनं काहीच धरलेलं नाही. इथं भोक पाडलंस कशाला?"

ते भोक माझ्या हातून चुकले होते. मी खुंटी ठोकून ते झाकले आणि फक्त विनीला सांगितले. पुढे 'एकही भोक चुकलेलं नाही' असे इतक्यांदा म्हणालो की मलाच ते खरे वाटू लागले.

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. जोसीने मला गाडीतून नेले. खुंटी विनीने माझ्याच लेथवर कातलेली, आतून पोखरलेली. आत गुंडाळलेली वही, पहिल्या पानावर विनीचे अक्षर: "पहिली ओळ ऑरिनची. बाकीच्यांनी दुसरीपासून."

बारा वर्षांनी मी सही केली. विनी, तुझ्यावर उगाच रागावलो. चुकलो.

कलम २ची अट रद्द. खुंटी पुन्हा तिथेच बसवावी. टिल्डन पुलात ऑरिन व्हिटकम्बचे एक भोक चुकले आहे, हे जोसीने गावसभेत उभे राहून मोठ्याने वाचावे.

कलम ३ कायम. डेलने दुसऱ्या ओळीसाठी पेन मागितले, मी दिले नाही. आधी ती बाटली काढून आण म्हणावे.

टिल्डन पूल, पश्चिमेची बाजू, १९ एप्रिल २०२४.
ऑरिन व्हिटकम्ब
साक्षीदार: हेस्टर लॅम. डेल प्रूटी (पेन हेस्टरचे).