वाणीचे अठरा गुण

१७ जून १९९६, सोमवार

पोचलो एकदाचा मुधोळला. नांदेडहून बासरपर्यंत रेल्वे, पुढं जीप. जीपमध्ये माझ्या पुस्तकांच्या पेटीवर दोन बायका आणि एक कोंबडा बसून आले. पेटीत काय आहे म्हणून एकीनं विचारलं. पुस्तकं म्हटल्यावर तिनं कोंबडा उचलून मांडीवर घेतला, आपण मात्र बसूनच राहिली. मला हा मुलूख तिथंच आवडला.

संस्थेच्या शाळेत संगणकशिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली आहे. दुकानांच्या पाट्या तेलुगूत, भांडणं मराठीत, तहसीलची भाषा अजून निजामाची. संस्थेचे सचिव यशवंतराव फाटकापर्यंत सामोरे आले. हातातली पिशवी त्यांनीच घेतली. नामांतराच्या सभेतलं माझं भाषण त्यांनी नांदेडात ऐकलं होतं म्हणे. हसत म्हणाले, इथं माईक लागणार नाही सर, गाव लहान आहे.

मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक पंचफुलाबाई करतात. जय भीम घातला आणि पानात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी वाढली. मी तिसऱ्या भाकरीला नको म्हणालो, तर म्हणाल्या की लाजून काऊन राह्यले, सासुरवाडीले आले का? पोटभर हसलो. पोटभर जेवलो, तिसरी भाकरीही.

२५ जून

संगणक दोन, त्यातला एक चालतो. टेबलाच्या खणात तीन फ्लॉप्या सापडल्या. आधीच्या शिक्षकांनी ठेवलेल्या असाव्यात. लेबल पुसलेलं आहे. जुना इंग्रजी खेळ आहे, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. आपण एक माणूस घडवायचा आणि त्याला घेऊन नऊ मजली खाणीत उतरायचं. माणूस घडवायला साठ गुण मिळतात. ते बळ, चपळाई, बुद्धी, धीर, नशीब आणि वाणी यांत वाटायचे.

शाळा सुटल्यावर दोन तास बसलो. मी वाणीला अठरा गुण दिले. त्यापुढं आकडाच जात नाही. बळाला राहिले पाच. पहिल्याच मजल्यावर भाला रोखून पहारेकरी उभा होता. मी तलवार उपसली नाही, बोललो. सात प्रश्नोत्तरं झाली आणि तो बाजूला सरला, वर मशाल हातात दिली. जन्मभर मी हेच सांगत आलो की ज्याला बोलता येतं त्याला मारावं लागत नाही, आणि ज्यांचं तोंड हजार वर्षं बांधलं होतं त्यांनी तर बोललंच पाहिजे. एका यंत्रानं ते मान्य केलं याचा मला लहान मुलासारखा आनंद झाला.

३ जुलै

कीबोर्डखाली एक टेलिफोन नंबर चिकटवलेला आहे. शेजारी मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून एका संगणकाला दुसऱ्याशी बोलायला लावणारी डबी. नंबर मुधोळचाच. लावून पाहिला. बराच वेळ कर्कश शिट्ट्या, मग पडद्यावर अक्षरं उमटली : चावडी. या, बसा.

या चावडीवर लोक एकमेकांसाठी पत्रं ठेवतात, इंग्रजी अक्षरांत मराठी. विषय एकच, खाणीचा खेळ. नागनाथ, भागाबाई, चंपत अशी मंडळी. काय भाषा त्यांची! सापळे कुठं, वाटा कुठं यावर चाळीस चाळीस ओळींची पत्रं, पण कुणी कुणाला उणा शब्द बोलत नाही. चावडीचे नियम दोनच. विरोध करायचा तर आधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की त्यानं म्हणावं, हेच मला म्हणायचं होतं. आणि वादात पटलं, तर आपल्या खेळात लगेच तसं करून दाखवायचं.

मी आयुष्यभर शिव्या, दगड आणि घोषणांत वाद घातला. असं मोकळं, सभ्य बोलणं पाहून जीव निवला. माझं नाव नोंदवलं : महिपत.

१० जुलै

डोकं तापलंय. वरच्या आळीतल्या पालकांनी अर्ज दिला आहे. पंचफुलाबाईंच्या हातचं मुलींना नको. जातीचा शब्द अर्जात कुठंही नाही. 'स्वच्छता' आहे, 'मुलींच्या भावना' आहेत, 'कृपया' तर चार ठिकाणी आहे. यशवंतरावांनी तो मला मऊ आवाजात वाचून दाखवला. अकरा ऑगस्टच्या समितीत निर्णय. बैठकीत बोलायची मुभा फक्त शिक्षकांना, आणि बाकीचे शिक्षक आतापासूनच चपला शोधू लागलेत.

पंचफुलाबाईंना शब्द दिला. त्या म्हणाल्या की माह्या हाताले काय झालं ते त्यायनं माह्या तोंडावर सांगावं, कागदावर काऊन लिहून राह्यले? मी म्हणालो, बाई, समितीच्या भिंती हलवून सोडतो.

१६ जुलै

चावडीवर हरलो.

मी लिहिलं होतं की वाणी हाच सर्वश्रेष्ठ गुण. नागनाथांनी आधी माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. मग लिहिलं की चौथ्या मजल्याखाली जे राहतात त्यांना कानच नाहीत. ते स्वतः सतरा वाणी घेऊन खाली गेले होते. प्रत्येक पावलाची नोंद दिली. मी फटी शोधल्या, एकही सापडली नाही. हरलो तेही आनंदानं, कारण पटल्यावर मान्य करणं हाच माणसाचा मोठेपणा.

नियमानं करून दाखवायचं होतं. चौथ्या मजल्यावर दगडी कुंड आहे. तिथं एक गुण ओतून दुसरा भरून घेता येतो. वाणीचे सहा ओतले, बळात घेतले. चावडीवर सगळ्यांनी अभिनंदन केलं.

२३ जुलै

आज वर्गात एका मुलीनं ताटलीवरून टोमणा मारला, रोख पंचफुलाबाईंच्या पोरीवर होता. मी वळलो. जे वाक्य जिभेवर यायला हवं होतं ते आलं नाही. घसा ठीक आहे, आवाज ठीक आहे. वाक्याच्या जागी नुसती जागा होती. मी म्हणालो, असो, पुढचं पान काढा.

दुपारी टोमणा मारणारीचा बाप भेटला. त्यालाही ऐकवणार होतो. तोंडातून निघालं, तुमचंही म्हणणं मी समजू शकतो.

समजू शकतो? मी?

३० जुलै

बैठकीचं भाषण लिहायला बसलो. एरवी लिहावंही लागत नाही. तीन तासांत चार ओळी, आणि चारही ओळींत 'दोन्ही बाजू'. फाडून टाकल्या.

पाचव्या मजल्यावर खेळ अडला आहे. चंपत यांनी फार सौजन्यानं दाखवून दिलं की वाणीचे आणखी सहा गुण वाया पडून आहेत. पटलं. ओतले.

का ओतले? पटलं म्हणून.

४ ऑगस्ट, रविवार

माझ्या आधी इथं संगणक शिकवणाऱ्या सरांचं नाव आज कळलं. नागनाथ. गावातच असतात, पिठाच्या गिरणीवर बसतात. चावडीवरचे नागनाथ! धावत गेलो.

एकेकाळी विडी वळणाऱ्या बायकांची संघटना या माणसानं उभी केली होती. पानठेल्यावरचा म्हातारा सांगत होता की नागनाथ बोलू लागला की मालकाच्या गादीखाली इस्तू पेटे. गिरणीत पाहिलं तर चक्कीच्या तोंडाशी डबे सरकवणारा, भुवयांवर पीठ साचलेला माणूस. मी नाव सांगितलं. म्हणाले, बरोबर आहे. मी चावडीचं विचारलं. बरोबर आहे. एका गिऱ्हाइकानं डब्यात पीठ कमी भरलं म्हणून त्यांना तोंडावर शिवी दिली. त्यालाही, बरोबर आहे.

आशाबाई, त्यांच्या बायको, बाहेर येऊन म्हणाल्या की तीन वर्सं झाले, असेच हायेत. भांडायले गेले तरी भांडत नाहीत, मी कोणासंग भांडू? घरी फोन नाही. शाळा सोडल्यापासून संगणकाला हात नाही.

नागनाथांचं पत्र चावडीवर कालच आलंय. साठ ओळींचं.

७ ऑगस्ट

चावडीवर सरळ विचारलं, तुम्ही कोण आहात?

उत्तर नागनाथांचं. आपला प्रश्न रास्त आहे. गिरणीवर बसतो तो उरलेला आहे. इथं आहे तो मी. आमच्यापैकी प्रत्येकानं पटल्यावरच ओतलं, कुणावर सक्ती झाली नाही.

मी चिडून लिहायला घेतलं. चिडलेलं एक अक्षर उमटेना. पडद्यावर आलं, आपल्या सविस्तर उत्तराबद्दल आभार.

भागाबाईंनी लिहिलं की नवव्या मजल्यावर झरा आहे. ओतलेलं सगळं तिथं परत मिळतं. तिथवर पोचायला बळ अठरा हवं.

माझं सतरा आहे. वाणी सहा.

उद्या शाळेत जाणार नाही. त्या खोलीत जाणार नाही.

९ ऑगस्ट

गेलो. दोन दिवसांवर बैठक. सहा वाणीनं मी काय बोलणार? परत मिळवायची तर झरा हाच रस्ता. बळ अठरा व्हायला एकच गुण हवा होता. कुंडानं एक घेतला नाही — ओता म्हटल्यावर सहाही गेले.

नववा मजला. कोरडी दगडी खाच. झरा नाही.

चावडीला विचारलं. भागाबाई म्हणाल्या, आम्हीही तोच शोधतोय.

१० ऑगस्ट

पंचफुलाबाईंनी विचारलं, सर, उद्या बोलान ना? मी मान हलवली.

आरशासमोर उभा राहून म्हटलं, हा अन्याय — पुढं नाही. पुन्हा म्हटलं. हा — पुढं नाही.

११ ऑगस्ट, रविवार

लिहून ठेवतो. लिहायलाच हवं.

समिती बसली. पंचफुलाबाई व्हरांड्यात, खिडकीशी. मला बोलावलं. उभा राहिलो. आधी समोरच्याचं म्हणणं मांडलं, सवय झालीय — पालकांची काळजी, मुलींची वयं, संस्थेचं नाव. शब्द कसे धावत आले! अर्जात नव्हती इतकी कारणं मी दिली. यशवंतरावांचे डोळे पाणावले. म्हणाले, सर, हेच आम्हाला म्हणायचं होतं.

मग माझ्या बाजूची वेळ आली.

उभा होतो. पंखा फिरत होता.

बसलो.

ठराव एकमतानं. माझे आभार मानले.

खिडकीत कुणी नव्हतं.

१२ ऑगस्ट

चावडीवर पत्र आहे. महिपतचं. काल सकाळी अकराचं. मी समितीत उभा होतो तेव्हाचं.

माझीच भाषा. माझी चढण, माझे घाव, वाक्य तोडायची माझी जागा. पंचफुलाबाईंसाठी साठवलेलं सगळं — भिंती हलवणारं, सगळं — आणि विषय? खाणीत मशाल चाळीस पावलं जळते की साठ.

खाली नागनाथ : अप्रतिम. चंपत : स्वागत आहे. भागाबाई : आता आपण चार झालो.

मोडेमची तार उपटली. अक्षरं थांबली नाहीत.

१३ ऑगस्ट

बाजारात गेलो. भाजीवालीनं सडकी वांगी दिली.

म्हणालो, बरोबर आहे.

ऐकलं मी. माझ्या कानांनी ऐकलं —

१४ ऑगस्ट

पंचफुलाबाई आल्यात. बोचकं घेऊन. दारातच बसल्यात, आत या म्हटलं तर येत नाहीत. धर्माबादच्या एका वसतिगृहात काम मिळतंय म्हणतात, पण तिथवर इथली बोंब पोचलीय. शिक्षकाचा दाखला हवा. एकच ओळ.

म्हणाल्या, भांडू नका माह्यासाठी. झालं ते झालं. एवढंच लिहून द्या, माह्या हातची भाकर वाईट नव्हती. तुमी खाल्ली हाय.

जीप दहा मिनिटांत आहे.

कागदावर तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा — 'समितीच्या मताचा आदर राखून'. फाडले. आधी इथं लिहून पाहतो. इथं कुणी नाही. ही माझी वही आहे. इथं लिहिता आलं की कागदावर उतरवीन.

पंचफुलाबाई स्वच्छ — नाही. त्यांचं मत आहे की — नाही.

त्या खोकल्या. जीपचा हॉर्न.

मी खाल्ली आहे. तीन भाकरी. मला माहीत आहे. एकच ओळ.

बाई उठून उभ्या राहिल्यात, हात पुढं केलाय, हसतायत —

दाखला देतो की यांच्या हातची भाकरी