नाण्यावरचा सरळ हात

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, टांकसाळीतून निवृत्त झालेला ठसे कोरणारा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून किंवा भिडेखातर नव्हे, तर माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी काल तपासले. हात कापतो, डोके ठिकाणावर आहे, असे त्यांचे मत पडले. माझ्या बायकोचे मत वेगळे आहे, पण तिला कोणी विचारलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीला. तिच्या पश्चात दोन्ही मुलांना सारखी वाटणी. थोरल्याने "मीच आईबाबांना सांभाळलं" हे पालुपद त्या वेळी लावू नये. सांभाळले हे खरे आहे, आणि त्याबद्दल माझे घड्याळ त्याला. ते रोज पाच मिनिटे मागे पडते, पण तोही पडतोच.

२. माझ्या कोरण्या, भिंगे व लाकडी ठोकळे कारागिरीच्या शाळेला द्यावेत. सर्वांत बारीक कोरणी त्यात नाही. तिचे खाली येईल.

३. कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात एकाच प्रकारची नाणी आहेत. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा भरल्या, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ काढलेले, धावत्या मुलीचे नाणे. चित्र माझे. गेली एकोणीस वर्षे सुट्ट्या पैशांत ते हाती आले की मी परत बाजारात जाऊ दिले नाही. लाखोंनी पाडलेले नाणे एकटा माणूस कुठवर गोळा करणार? घरच्यांना वाटते मला अभिमान आहे. मला त्याची लाज वाटते. ती सगळी थोरल्याने भाजीबाजारात खर्चून टाकावीत.

४. लाज का, तेही लिहून ठेवतो. माझी मुलगी, जिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, अकरा वर्षांची असताना मी तिला माळ्यावरून प्लास्टरची पिशवी काढायला सांगितली. ती स्टुलावरून पडली. "मुका मार आहे" म्हणून मी कामावर निघून गेलो, दवाखान्यात तिसऱ्या दिवशी नेले. डावे कोपर वाकडेच जुळले. तशीच ती पळायला लागली, हात बाहेर फेकत, आणि जिंकायलाही लागली. त्या मोठ्या स्पर्धेच्या संघात मात्र तिची निवड झाली नाही. त्याच सुमारास नाण्याचे काम माझ्याकडे आले. ती म्हणाली, "संघात नाही तर नाही, नाण्यावर तरी पळते."

महिनाभर घरामागच्या बोळात मी तिला पळवले. "अजून एकदा" म्हटले की ती धापा टाकत पुन्हा सुरुवातीला जाऊन उभी राहायची. नाण्याचा मोठा नमुना आधी प्लास्टरमध्ये करतात, त्या ताटाएवढ्या चकतीवर ती कोपरासकट उतरली. त्याहून चांगले काम माझ्या हातून कधी झाले नाही.

टांकसाळीतल्या साहेबांनी चकती पाहिली. "हात वाकडा दिसतोय हो. परदेशी पाहुणे येणार, सरळ करून टाका." माझ्या मुलीचा हात असाच आहे, एवढे पाच शब्द माझ्या तोंडून फुटले नाहीत. "जी साहेब" म्हणालो आणि जेवणाच्या सुट्टीआधी जुना हात खरवडून, नवे प्लास्टर भरून सरळ केला. घरी काही सांगितले नाही.

भिंगरीला ते नाणे किराणा दुकानात सुट्ट्या पैशांत मिळाले. तिने ते टेबलावर ठेवले आणि शेजारी आपला हात ठेवला.

"बाबा, हा हात कुणाचा लावलात?"

"साहेबांनी सांगितलं."

"पण लावला तुम्हीच ना?"

त्याच महिन्यात तिने दुसऱ्या गावी नोकरी धरली. आजही फोन मी उचलला तर "आईला द्या" म्हणते, त्यापुढे अवाक्षर नाही.

५. साहेबांना माझ्या मृत्यूची खबर देऊ नये. आलेच तर पाणी द्यावे, खुर्ची देऊ नये. इतकी वर्षे मी त्यांच्या नावाने बोटे मोडली. कोरणी माझ्या हातात होती, हे मात्र सोयीने विसरलो.

६. पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळलेली नवी चकती आहे. तीन वर्षे लपूनछपून केली. मुलगी तीच, बोळातली. कोपर तीनदा केले आणि तीनदा खरवडले. कितीही आठवले तरी ते नेमके कसे वळते ते आता डोळ्यांपुढे येत नाही. चौथे तसेच राहू दिले आहे, तेही चुकलेले असणार. ही चकती व बारीक कोरणी भिंगरीला. तिने आपल्या हाताकडे पाहून ते दुरुस्त करावे. मी तिची माफी मागतो. तोंडाने मागायला हवी होती, धीर झाला नाही.

७. तिने घ्यायला नकार दिला तर कोणी तिची समजूत घालू नये, आणि चकती दुसऱ्या कोणाला देऊ नये. थोरल्याने ती फोडून टाकावी. फक्त हातोडी कोपरावर मारू नये. ते दोनदा मोडले आहे, दोन्ही वेळा माझ्यामुळे.

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : नऊ फेब्रुवारी, सकाळी

सही (कापरी आहे, पण माझीच)

आम्हा दोघांदेखत त्यांनी सही केली. वरील कशातही आमचा हिस्सा नाही.

साक्षीदार :
१. तपासणारे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई (सही)