नोंद झालेली बावीस पानं

चि. बारक्यास,

थोरल्या ताईचे आशीर्वाद. (रीत म्हणून लिहिले. मनात आत्ता जे आहे ते खाली येईलच.) गुडघा कसा आहे? सूज उतरली का? जिने कमी चढ. बायकोला आठवण केली म्हणून सांग, तिच्याशी माझं भांडण नाही. इकडे सगळे बरे. तुझे दाजी निवृत्त झाल्यापासून दिवसभर मला सल्ले देतात, तेवढं सोडलं तर घरात आजारपण नाही. आता मुद्द्याचं. दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही ती आज लिहितेय, ती मायेने नव्हे, संतापाने. तू चोर आहेस!

रस्ता रुंद झाला आणि अण्णांच्या दुकानाची पायरी, फळी, त्यांनी हाताने रंगवलेली पाटी, सगळं गेलं. पुढे आता भिंत आहे. शिलाई मशीन डोक्यावर घेऊन माणसाने मागच्या बोळातून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून यायचं. कोण येणार? आठवड्याला दोन मशिनं आली तरी नशीब. असंच चाललं तर वर्ष संपायच्या आत कुलूप लावावं लागेल, आणि अण्णांच्या दुकानाला कुलूप लावणारी म्हणून माझं नाव निघेल. म्हणून वेबसाइट केली. अण्णांची दुरुस्तीची वही आहे ना, तेल सांडून पिवळी पडलेली, ती समोर ठेवून मी एका बोटाने बावीस पानं टाइप केली. दोरा का तुटतो, टाका का सुटतो, बॉबिनमध्ये गुंता का होतो, सगळं. महिना लागला. (दाजी बाजूला बसून म्हणायचे, दोन बोटं वापर. मी म्हटलं, दुसरं बोट तुमच्याकडे रोखायला ठेवलंय.)

आणि पानं दिसेनात! 'मशीन टाके सोडतं' असं शोधलं की पहिलं नाव कुणाचं? तुझं. मी फोन आपटला, तुझं पान उघडलंसुद्धा नाही. खाली शोधत गेले, माझा पत्ता नाही. वेबसाइटवाल्याला धरलं. त्याने त्याच्या संगणकावर बावीस हिरव्या खुणा दाखवल्या आणि म्हणाला, सगळी पानं इंडेक्स झाली आहेत, म्हणजे नोंद पक्की आहे. मग दिसत का नाहीत? तर म्हणे, नोंद असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. अरे, हे कुठलं शहाणपण? उद्या मी मशीन दुरुस्त झालं म्हणून देईन आणि म्हणेन, बाई, दुरुस्त असणं वेगळं आणि चालणं वेगळं! चालेल? तीन आठवडे त्याने मला नाचवलं. मथळे बदलले, फोटो लहान केले, 'हे पान दाखवू नका' अशी काही खूण चुकून राहिली आहे का ते तपासलं, मग थांबा म्हणाला, मग अजून थांबा म्हणाला. डॉक्टरसुद्धा इतकं थांबवत नाहीत.

शेवटी गेल्या आठवड्यात मीच त्या यादीच्या अगदी तळाला गेले. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं, की दाखवलेल्या पानांसारखीच असलेली काही पानं वगळली आहेत. त्यावर बोट ठेवलं आणि बाहेर आलं माझं पान, तुझ्या पानाखाली दडपलेलं! मग तुझं उघडलं. पहिल्या ओळीलाच डोकं फिरलं. शब्द न् शब्द तोच. 'तेल दोन थेंब. तिसरा थेंब मूर्खपणाचा.' बावीसच्या बावीस तशीच. वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला, मग तू कुठून आणलंस? रात्रभर तळमळले तेव्हा आठवलं. तू मशीन उघडलंस आणि जोडता आलं नाही, म्हणून अण्णांनी तुला ती वही दहा वेळा लिहायला लावली होती. (चुगली मी केली होती. केली तर केली.) म्हणजे तुला तोंडपाठ आहे. बरं, चोर नाहीस. पण माझ्या वाटेत आहेस!

वेबसाइटवाल्याने दोन उपाय सांगितले. एक, माझ्या पानात आतल्या बाजूला एक खूण घालायची, की मूळ पान तुझं आणि माझं नक्कल. त्याला मी दार दाखवलं. दुसरा, सगळं स्वतःच्या शब्दांत लिहा. ते करायला बसले रे. चार दिवस बसले. जे वाक्य लिहावं ते अण्णांचंच निघतं. इतकी वर्षं त्या मशिनांत हात घातला आणि माझं स्वतःचं एक वाक्य नाही, याचा राग कुणावर काढू? म्हणून तुझ्यावर काढतेय. तू नवी विजेची, बटणांची मशिनं दुरुस्त करायला म्हणून दुकान सोडून गेलास ना? मग त्यांच्यावर लिही. जुन्या लोखंडी मशिनांची पानं आठ दिवसांत काढून टाक.

कळावे, लोभ असो वा नसो.

तुझी ताई

ता.क. पत्र पाकिटात घातलं आणि एक शिवणकाम करणारी बाई मशीन घेऊन आली. वेबसाइटवर सापडलं का, म्हणून हौसेने विचारलं. तर म्हणाली, नाही, तुमच्या भावाला फोन केला होता. ते म्हणाले, जुनं मशीन असेल तर ताईकडेच न्या, तिच्यासारखा हात माझा नाही. मग मी गिऱ्हाइकांची वही काढून या महिन्यात आलेल्या सगळ्यांना फोन केले. सगळी तूच पाठवलेली. आणि मी तुलाच 'माझ्या वाटेत आहेस' म्हणून बसले! पानं काढू नकोस. मीच ती नकलेची खूण घालते. तुझ्या पानाखाली माझा पत्ता लिही म्हणजे झालं.

ता.क. २. ती बाई आणखी एक बोलली. तू तिला सांगितलंस म्हणे, कडी जोरात वाजवा, ताईला डाव्या कानाने ऐकू येत नाही. बारक्या, हे गेल्या वर्षीपासूनचं आहे आणि मी दाजींनासुद्धा सांगितलेलं नाही. म्हणजे तू आला होतास. दाराशी उभा राहून कडी वाजवत होतास आणि मी आत, दाराकडे डावी बाजू करून, मान खाली घालून बसले होते. किती वेळ वाजवलीस रे? उजव्या बाजूला खिडकी आहे, गाढवा. तिथून हाक मार.