विहिरीजवळचा दगड

६ जाने., मंगळ.
चर्चच्या आवारात पहिला दिवस. डोंबिवलीहून ठाण्यात पोचेपर्यंत साडेअकरा. अठरा थडगी कॅमेऱ्यात टिपली. घरी येऊन बघते तर सगळी सपाट, एका दगडावरचं अक्षर उठलेलं नाही. फादरना यादी १७ला हवी : फोटो, नाव, वारस. आवारात फरशी घालणार आहेत. वारस असेल तो दगड जागेवर राहणार, बाकीचे उचलून कुंपणाच्या भिंतीत. एकूण चौसष्ट. पेपरात तीस वर्षं काढली, मुदतीची भीती नाही. पण ही अक्षरं...

७ जाने., बुध.
अक्षरांत टाल्कम पावडर भरायला घेतली. आवार झाडणारे इनासकाका (पंचाहत्तरीचे, इथलेच ईस्ट इंडियन ख्रिस्ती) खराटा टाकून धावत आले. "ओ पेपरवाली बाय, दगडाला नटवून लग्नाला नेतेस काय?" ओल्या फडक्याने सगळी काढायला लावली. मी शरमले. मग काका म्हणाले, "सकाळी आठला ये. दुपारी दगड झोपलेला असतो."

९ जाने., शुक्र.
आठला हजर. काकांनी घरचा भिंतीवरचा आरसा आणला, टांगायच्या दोरीसकट. कडेला धरून ऊन आडवं पाडलं. कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर ओळीच्या ओळी वर आल्या! पोर्तुगीज, इंग्रजी, दोन चक्क मराठी. काकांची शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी वाचता येत नाही. पण कुठल्या दगडाला किती वाजता कुठून ऊन, सगळं पाठ. आमच्या पेपरात एवढा उजेड कळणारा फोटोग्राफर पाहिला नाही.
आज एकवीस.

१२ जाने., सोम.
विहिरीजवळचा एकच उरला. त्याला काका आरसा लावत नव्हते. "तो मना ठाऊक हाय. माझी मोठी बहीण, रोजा. दीड वर्षाची गेली, माझ्या जन्माआधी. बापानं दाखवलेला." साठ वर्षं रोज तिथे एक जास्वंद. म्हटलं, फोटोत नाव दिसायला हवं. "मग दाखव की." तोंड उत्तरेला, ऊन पोचत नाही. उद्या दोन आरसे.

१३ जाने., मंगळ.
मी एक आरसा विहिरीच्या कठड्यावर टेकवला, दुसरा काकांनी धरला. ऊन एकातून दुसऱ्यात, तिथून दगडावर. अक्षरं आली. इंग्रजी. मी मनातच वाचलं.
"वाच की गं."
वाचलं. कुणी गोरा, रेल्वेतला, वय चाळीस. काकांच्या हातातला आरसा जरासुद्धा हलला नाही.
"परत वाच."
परत वाचलं.
आरसा खाली ठेवत काका म्हणाले, "बापाकडं दगडाला पैसे कुठले? या सायबाच्या बाजूला पुरली असेल. बापानं खूण म्हणून दगड दाखवला, मी समजलो दगडच तिचा." मग, "सायबाची मजा झाली. साठ वर्षं फुकट जास्वंद." स्वतःच हसले. मला जमलं नाही.

१४ जाने., बुध.
संक्रांत. काकांना तिळगूळ. वाटलं होतं आज फूल नसेल. तीन होती. एक दगडावर, एक डावीकडे मातीत, एक उजवीकडे. कुठली बाजू ते बापाने सांगितलं नव्हतं.
"बाय, हा दगड उचलला तर पोर कुठं शोधू मी?"

१६ जाने., शुक्र.
यादीत त्रेसष्ट लिहून झाले. चौसष्टावा : नाव कोरलंय तसंच, साहेबाचं. वारसाचा रकाना रिकामा. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातली चुकीची नावं खोडली. काकांना फोन केला, काय लिहू? "शिकलेली तू. मी रोज झाडतो, एवढं लिही."
फोटो पुन्हा उघडला. कोपऱ्यात आरसा धरलेली काकांची बोटं आली आहेत. कापणार होते, राहू दिली. वारसाच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट, स्वच्छ अक्षरात.
उद्या दहाला फादर. यादी वाचून विचारणारच, या साहेबाचं आणि इनासचं नातं काय?